चावीवालीची हरकत

४ फेब्रुवारी रोजी पालिकेच्या सभेने बगळ्यासाठी आठ लाख चौसष्ट हजार पाचशे रुपये मंजूर केले. बगळा लोखंडी. पाणीपुरवठ्याचे जुने पाइप उखडून नवे टाकल्यावर जे भंगार उरलं होतं, त्यातून एक शिल्पकार बाई सव्वाचार मीटर उंचीचा, एका पायावर उभा असलेला बगळा करणार होत्या. बागेच्या भिंतीबाहेर, दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावरच्या फुटपाथवर तो बसवायचा होता. ठरावाला अट अशी की, ३१ मार्चच्या आत परवानगी मिळाली नाही तर रक्कम परत मूळ खात्यात जाणार. आणि परवानगीच्या आधी तीस दिवस जाहीर नोटीस लावून लोकांच्या हरकती व सूचना मागवणं नियमाने भाग होतं.

त्या हरकती घेण्याची खिडकी माझी. एकतीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची काही वर्षं मी नगररचना विभागात काढली. शिक्षण वाणिज्य शाखेचं. आलेला कागद वहीत चढवणं, त्याला क्रमांक देणं आणि तो मागितला की दोन मिनिटांत काढून देणं, एवढं मला येतं. शिल्पातलं काही कळत नाही. ज्या बाईंविषयी हे लिहितो आहे त्यांनाही त्यातलं काही कळत नव्हतं, आणि बगळ्याशी त्यांचं काही वाकडंही नव्हतं. त्या फक्त त्याच कोपऱ्यावर बसत होत्या.

त्यांना सगळे मावशी म्हणतात. माझ्याहून त्या चारच वर्षांनी मोठ्या, तरी मीही मावशीच म्हणतो. धंदा चाव्या करून देण्याचा. एक लाकडी स्टूल, एक खोकं, त्यावर हाताने फिरवायचं मशीन, मागे तारेवर टांगलेल्या कोऱ्या चाव्या आणि डोक्यावर मोठी काळी छत्री. १० फेब्रुवारीला आमच्या शिपायाने त्यांच्या शेजारच्या दिव्याच्या खांबावर नोटीस चिकटवली.

"काय लावतोस रे?" मावशींनी विचारलं.

"बगळा," म्हणून तो पुढे गेला.

नोटिशीत बारीक अक्षर आणि एक नकाशा. दुपारी एक मास्तर आले. हे वर्षातून तीनदा घराची चावी हरवतात, म्हणून मावशींचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा काढला, पावलं टाकून फुटपाथ मोजला, आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही बगळ्याच्या पायाखाली बसला आहात."

तिसऱ्या दिवशी मावशी माझ्या खिडकीवर आल्या.

"भाऊसाहेब, हरकत इथेच घेतात?"

"इथेच. कशाबद्दल?"

"हरकत तशी नाही. बसू दे की बगळा. मला एवढंच विचारायचंय, मी कुठे बसू?"

मी त्यांना फॉर्म दाखवला आणि मागे छापलेला नियम वाचून दाखवला. जागेवर पंधरा वर्षांहून जुना वापर असेल आणि तो सिद्ध झाला, तर त्याला धक्का न लावता परवानगी द्यावी. सिद्ध झाला नाही, तर ते अतिक्रमण समजून संबंधित विभागाकडे पाठवावं.

"मी काही बोललेच नाही तर?"

"तर कोणाला तुमची माहितीच नाही. नकाशात ती जागा मोकळी आहे."

"आणि बोलले, पण पुरावा नसला?"

"मग कागद अतिक्रमणवाल्यांकडे जाईल."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे गप्प बसले तर बगळा उठवणार, आणि बोलले तर तुम्ही."

हरकत घेणाऱ्याने हरकत करणाऱ्याला सल्ला देऊ नये, असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. मी म्हणालो, "मुदत १२ मार्चला पाच वाजेपर्यंत. विचार करून भरा." फॉर्मची घडी करून त्यांनी पिशवीत टाकली. जाताना विचारलं, "पुरावा म्हणजे काय काय चालतं?"

"पावत्या, हिशोबाची वही, गिऱ्हाइकांची नोंद. तारीख असलेलं काहीही."

"मग झालंच," त्या म्हणाल्या.

त्या असं का म्हणाल्या ते कळायला त्यांचा धंदा माहीत असावा लागतो. त्यांचे यजमान कुलपांच्या कारखान्यात कामाला होते. कारखाना बंद पडला तेव्हा लिलावात एक हातमशीन घेऊन ते या कोपऱ्यावर बसले. त्याला बावीस वर्षं झाली. पुढे त्यांची नजर कमी झाली. मग मावशी शेजारी बसू लागल्या. जुनी चावी आणि नवी चावी पाठीला पाठ लावून उजेडासमोर धरायच्या. मधून उजेड दिसला तर कुठे दिसतो ते यजमानांना सांगायचं, आणि ते कानशीने तेवढंच घासायचे. अशी सहा-सात वर्षं एकाचे डोळे आणि एकाचा हात यांवर धंदा चालला. मग हातही मावशींचाच झाला. यजमान गेले त्याला आता अकरा वर्षं होतील.

त्यांनी बायकोला हिशोब शिकवला नाही, पण चार गोष्टी घोकून घेतल्या होत्या. गिऱ्हाइकाला घर विचारायचं नाही. नाव विचारायचं नाही. सांगितलं त्याहून एक चावी जास्त करायची नाही. आणि वही ठेवायची नाही. "चावीवाल्याकडे पत्त्यांची वही असली की तो चावीवाला राहत नाही," असं ते म्हणत. गावात घरफोडी झाली की पोलीस आधी चावीवाल्याकडे येतात. मावशींकडे बावीस वर्षांत दोनदा आले आणि दोन्ही वेळा हात हलवत गेले, कारण त्यांच्याकडे बघण्यासारखं काहीच नव्हतं. त्या गिऱ्हाईक ओळखतात ते चावीवरून. डाव्या खाचेचे गृहस्थ, जाड पितळवाल्या बाई, हरवणारे मास्तर.

म्हणजे ज्या गोष्टीमुळे लोक बावीस वर्षं त्यांच्या हातात निर्धास्त चावी देत होते, त्याच गोष्टीमुळे त्या तिथे बसत होत्या याचा एकही कागद नव्हता.

घरात सून. मुलगा परगावी गोदामात, महिन्यातून दोन दिवस येतो. सून कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावते आणि जीभ तिची सुईसारखीच. तिने ठरवलं की आईंच्या भिडेने काही होणार नाही. एका पुठ्ठ्यावर तिने जाड अक्षरात लिहिलं: 'ज्यांनी इथे चावी करून घेतली त्यांनी पालिकेत जाऊन तसं सांगावं. मावशींचा कोपरा जातो आहे.' आणि ३ मार्चला सकाळी तो छत्रीच्या दांडीला बांधून ती कामाला गेली.

त्या आठवड्यात माझ्या खिडकीवर अकरा माणसं आली. कोणी लिहिलं, मी नऊ वर्षांपासून येथेच चाव्या करतो. कोणी लिहिलं, बाई प्रामाणिक आहेत. एका गृहस्थांनी सत्तावीस वर्षं लिहिलं होतं, ते मी त्यांना मावशी किती वर्षं बसतात ते सांगितल्यावर अठरा केलं. प्रत्येक निवेदनावर पूर्ण नाव आणि राहण्याचा पत्ता. त्याशिवाय ते ग्राह्य नाही. मी अकराही निवेदनांच्या वेगळ्या वहीत चढवली आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्यातली चार तरी पंधरा वर्षांच्या पलीकडची होती.

६ मार्चला मावशी आल्या. हातात पुठ्ठा होता.

"भाऊसाहेब, मास्तर म्हणतात ही फाइल कोणीही येऊन बघू शकतं. खरं का?"

"खरं आहे. जाहीर विचारविनिमय आहे. कार्यालयीन वेळेत कोणीही."

"त्यात पत्ते आहेत?"

"असावेच लागतात."

"दाखवा."

मी फाइल पुढे केली. त्यांना वाचता हळू येतं. त्यांनी पहिल्या निवेदनावर बोट ठेवून अक्षरं लावली. मग फाइल मिटली.

"म्हणजे कोणाच्या घराची चावी कोणी केली, आणि तो राहतो कुठे, हे तुम्ही लिहून ठेवलंय. आणि कोणी आला तर त्याला बसायला खुर्चीही देता."

"मावशी, ती तुमच्यासाठीच आली होती."

"म्हणून तर. ज्याला घर फोडायचं तो आता माझ्याकडे नाही येणार, तुमच्याकडे येईल. मला हे कागद परत द्या."

मी सांगितलं की ज्याचं निवेदन त्यानेच सही करून परत घ्यायचं, तेही मुदतीच्या आत. त्यांना तर यातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. मग त्यांनी काय केलं, तर सहा दिवस कोपऱ्यावर बसून येईल त्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुम्ही पालिकेत जाऊन आलात का? मग परत जा, आणि कागद काढून घ्या." सून दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. अकरापैकी आठ जण येऊन निवेदनं घेऊन गेले. डाव्या खाचेचे गृहस्थ माझ्यावरच चिडले, जणू मीच त्यांना आधी बोलावलं होतं. तीन आलेच नाहीत. त्यातले एक जण नंतर मला म्हणाले, "माझ्या घरात चोरायला आहे काय, मलाच हवंय." उरलेली तिन्ही निवेदनं दहा वर्षांच्या आतली निघाली. नियमाच्या दृष्टीने त्यांचा उपयोग शून्य.

१२ मार्चला दुपारपासून माझं लक्ष दाराकडे होतं. चार वाजले. साडेचार झाले. एकाने येऊन बगळ्याऐवजी कोपऱ्यावर आरसा लावावा अशी सूचना दिली, ती नोंदवली. पावणेपाचला मावशी आल्या. फॉर्म भरलेला होता, सुनेच्या अक्षरात. 'पुरावा' हा रकाना मात्र कोरा.

"रिकामा रकाना असला की फॉर्म अपूर्ण ठरतो," मी म्हणालो. "घेता येत नाही."

"पुरावा नाहीच."

"मग 'नाही' असं लिहा. 'नाही' लिहिलं की पूर्ण होतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझंच पेन घेतलं आणि सावकाश 'नाही' असं लिहिलं. मी विचारलं, विचारू नये ते विचारलं, "मावशी, नक्की?"

"न भरता कोपरा गेला तर कोणाला पत्ताही लागणार नाही की तिथे कोणी होतं. भरून गेला तर निदान विचारून गेला." मग पेन माझ्यापुढे ठेवत, "आणि दुसरीकडे बसायचं म्हटलं तर चाळीस पावलांवर गिऱ्हाईक येत नाही, भाऊसाहेब. चावी हरवलेला माणूस घाईत असतो. तो शोधत बसत नाही."

क्रमांक बारा. मी शिक्का मारला तेव्हा पाचला सहा मिनिटं कमी होती.

त्या रात्री मला एक गोष्ट आठवली आणि झोप उडाली. अठरा वर्षांपूर्वी मी लेखा विभागात असताना अभिलेख खोलीच्या कुलपात चावी तुटली होती. नवी करून आणायला शिपाई गेला होता तो याच कोपऱ्यावर. पैसे मी दिले होते, व्हाउचर मी केलं होतं. त्यावर कुठली चावी, कोणाकडून, जागा, तारीख, सगळं असणार. मी कधी काही वगळत नाही. दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास आधी ऑफिसला आलो. आपण हे कार्यालयाच्या हितासाठी पाहतो आहोत, असं मनाला सांगितलं. पकडलं गेलं तर आठ महिन्यांवर आलेल्या निवृत्तीवेतनाचं काय, हेही मनात होतं. किरकोळ खर्चाची व्हाउचरं दहा वर्षं ठेवायची, नंतर यादी करून नष्ट करायची, असा नियम आहे. नष्ट केलेल्या कागदांची यादी मिळाली. त्या वर्षाची व्हाउचरं, सर्व, नष्ट. खाली सही माझी, तारखेसकट.

ही गोष्ट मी मावशींना सांगितली नाही.

सुनावणी २० मार्चला ठरली. नोटीस प्रत्येक हरकतदाराच्या हाती देऊन पोच घ्यायची असते. शिपाई रजेवर, म्हणून मावशींच्या घरी मी गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या. दारावर कडी होती, कुलूप नव्हतं. मावशी मशीनला तेल घालत होत्या. सुनेने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि लगेच सुरुवात केली.

"तुम्हीच का ते भाऊसाहेब? आठ कागद परत देणारे?"

"नियमाप्रमाणे—"

"ते कळलं. आमच्या आईंचा वेगळा नियम, तुमचा वेगळा. दोन्ही नियम मिळून आमच्या पोटावर बसलेत. आणि वर बगळा."

"अगं, त्यांना काय बोलतेस," मावशी म्हणाल्या.

"मग कोणाला बोलू? बगळ्याला? एका पायावर उभा राहून मासा गिळणारा पक्षी, पालिकेच्या दारात अगदी शोभून दिसेल म्हणा." मग तिचा आवाज खाली आला. "अतिक्रमणवाले मशीन उचलून नेतात ना हो? परत देतात?"

मी म्हणालो, दंड भरला की देतात.

"कधी?"

मला माहीत होतं, आणि मी माहीत नाही असं सांगितलं. मावशींनी पोचवर सही केली. तेलाचा अंगठा कागदावर उमटला, त्याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली. जिना उतरताना मला वरून सुनेचा आवाज ऐकू आला, "आई, मशीन त्या दिवशी घरीच ठेवायचं हं, तुम्हाला सांगून ठेवते."

सुनावणीला लांब टेबल, मध्यभागी तारेचा वीतभर बगळा. टेबलाच्या टोकाला अधिकारी बाई, एका बाजूला शिल्पकार बाई, दुसऱ्या बाजूला आमचे ड्राफ्ट्समन, ज्यांनी जागेची मोजणी करून नकाशा काढला होता. कोपऱ्यात फाइली घेऊन मी. मला तिथे बोलायची परवानगी नसते. विचारलं तर फाइलीत काय आहे तेवढं सांगायचं. आदल्या तासात आधीच्या अकरा हरकती-सूचना निकालात निघाल्या होत्या. पक्षी घाण करतील, ही हरकत बगळा लोखंडी आहे म्हणून फेटाळली गेली. शिल्पकार बाई सारखं घड्याळ पाहत होत्या. ३१ तारखेला अकरा दिवस उरले होते, आणि अर्धा बगळा त्यांनी आधीच जोडून ठेवला होता.

"क्रमांक बारा."

मावशी उभ्या राहिल्या. मागे सून, तिने रजा टाकली होती.

अधिकारी बाईंनी फॉर्म वाचला. "पुरावा, नाही. एखादी जुनी पावती? वही?"

"मी वही ठेवत नाही, बाई."

"का?"

मावशींनी सांगितलं. पोलीस, पत्ते, आठ कागद, सगळं. अधिकारी बाई म्हणाल्या, "तुमचं म्हणणं मला समजतं. पण मी समजुतीवर आदेश काढू शकत नाही." मग ड्राफ्ट्समनकडे वळून, "बावीस वर्षं बसतात म्हणतात, तुमच्या नकाशात काहीच कसं नाही?"

"कारण मी गेलो तेव्हा काही नव्हतंच, मॅडम."

"मोजणी कधीची?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोजणीवही उघडली. "१२ जानेवारी. वार सोमवार."

"सोमवारी मी नसते," मावशी म्हणाल्या. "सोमवारी कोऱ्या चाव्या आणायला जाते."

"बाकीच्या दिवशी आम्हाला मीटिंगा असतात," ड्राफ्ट्समन म्हणाले, "मोजणीला सोमवारच मिळतो. आणि मी जे होतं ते सगळं दाखवलंय. दिव्याचा खांब आहे, गटाराचं झाकण आहे, निचऱ्याचा पाइप आहे."

"कुठला पाइप?" मावशींनी विचारलं.

नकाशा टेबलावर पसरलेला होता. त्यांनी परवानगी न विचारता पुढे होऊन पाहिलं. ड्राफ्ट्समननी पेन्सिलीचं टोक एका छोट्या गोलावर ठेवलं. बगळ्याच्या चौथऱ्याच्या चौकोनात, डावीकडे.

"इथे निचरा नाही," मावशी म्हणाल्या. "उतार पलीकडे आहे, पाणी तिकडे जातं. ही माझी छत्री."

"छत्री कशी असेल? फरशीत बसवलेला लोखंडी पाइप आहे. वर झाकण, झाकणाला कुलूप."

"कुलूप मीच लावलंय. नाहीतर पोरं खडे भरतात."

सुनेला हसू आलं आणि तिने ते तोंडावर हात ठेवून दाबलं. अधिकारी बाईंना हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, "हा पाइप फरशीत बसवला कोणी?"

"तुमच्याच गवंड्याने. फरशी घातली तेव्हा. आमच्या ह्यांना म्हणाला, काका, छत्री कुठे रोवता? तिथे सोडतो."

"फुटपाथची फरशी कधीची?"

हा प्रश्न मला होता. बांधकामाची कागदपत्रं कायमची ठेवायची असतात, ती दहा वर्षांत नष्ट होत नाहीत. पण ती कायमची ठेवलेली आहेत आणि ती मिळतील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी अभिलेख खोलीत गेलो. पाच मिनिटं म्हणून गेलो होतो, वीस लागली. गठ्ठा खालच्या फळीवर, दोरी सुटलेली. काम पूर्ण झाल्याचा दाखला वर नव्हता, मध्ये नव्हता. तो देयकाच्या मागे टाचलेला होता. मी परत आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

"काम पूर्ण झालं त्याला येत्या जूनमध्ये सतरा वर्षं होतील," मी म्हणालो.

"पाइप नंतर फोडून बसवलेला असू शकतो," अधिकारी बाई म्हणाल्या. "चला, बघून येऊ."

कोपरा दहा मिनिटांवर. आम्ही सहा जण फुटपाथने निघालो. मावशी सर्वांत मागे. मला वाटलं त्या हळू चालताहेत, पण त्या मुद्दाम उशीर करत होत्या. तिथे पोचलो, की निकाल.

कोपऱ्यावर छत्री नव्हती, स्टूल नव्हतं. मोकळी फरशी, आणि त्यात तो पाइप. मावशींनी कमरेची चावी काढून झाकणाचं कुलूप उघडलं. ड्राफ्ट्समन गुडघ्यावर बसले. त्यांनी पाइपाभोवतीच्या फरशीच्या कडेवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग खिशातला रुमाल ओला करून कड पुसली. माणूस तसा ताठ, आपल्या नकाशावर कोणी बोट ठेवलेलं त्याला खपत नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो.

"मॅडम," तो म्हणाला, "हा काप नंतरचा नाही. बसवलेली फरशी फोडली की कडेला कपच्या उडतात. ही फरशी आधी गोल कापून मग बसवलीय. सिमेंटही बाकीच्या सांध्यातलंच." आणि थोड्या वेळाने, "सांध्यांत पितळेचा कीसही आहे. खालपर्यंत बसलाय."

सगळे वाकले. पाइपाजवळच्या चार-पाच फरशांच्या फटी पिवळ्या दिसत होत्या. मावशी वाकल्या नाहीत.

"मी निचऱ्याचा पाइप लिहायला नको होता," ड्राफ्ट्समन उठता उठता म्हणाले.

जुना वापर सिद्ध झाला, तशी नोंद झाली. पण त्याने प्रश्न सुटला नव्हता. बगळा एका पायावर, त्यामुळे पाया जड लागतो, दोन मीटर चाळीस सेंटिमीटरचा चौकोन, तो कमी करता येत नव्हता. जागा बदलायची तर पुन्हा नोटीस, पुन्हा तीस दिवस, आणि ३१ मार्च निघून जाणार. शिल्पकार बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"पाया जमिनीखाली असतो ना?" सुनेने विचारलं. कोणालाच विशेष उद्देशून नाही.

"हो," शिल्पकार बाई म्हणाल्या.

"मग वर काय आहे?"

"वर मधला दगड, आणि भोवती कठडा. लोकांनी हात लावू नये म्हणून."

"लोखंडाला हात लावला तर काय होतं?"

शिल्पकार बाईंनी ड्राफ्ट्समनकडे पाहिलं. कठडा काढला तर मधला दगड नव्वद सेंटिमीटरचा, बाकी पाया फरशीखाली, आणि त्यावर स्टूल ठेवून कोणीही बसू शकतं. कठडा गाळणं हा किरकोळ बदल. त्याला नव्याने नोटीस लागत नाही. ते मी फाइलीतून वाचून दाखवलं. विचारलं म्हणून.

आदेश २४ मार्चला निघाला. कठडा वगळावा, पाया भरताना छत्रीचा पाइप होता तिथे पूर्ववत बसवावा, आणि सुधारित नकाशात सदर जागा सध्या तुटक रेषेने 'विद्यमान वापर' अशी दाखवावी. काम चालू असताना अकरा दिवस मावशी बसल्या नाहीत. सून म्हणते ते अकरा दिवस त्यांनी घरातली सगळी कुलपं खोलून साफ केली आणि घरच्यांना वेड लावलं. आता बगळा उभा आहे. दुपारनंतर त्याच्या चोचीची सावली मशीनवर पडते. गिऱ्हाईक वाढलं नाही, कमी झालं नाही.

मावशी आदेश वाचून घ्यायला माझ्याकडे आल्या होत्या. एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं.

"'सध्या' म्हणजे?"

"आदेशात तसा शब्द घालतात. पाच वर्षांनी पुन्हा तपासणी होते."

"तोवर तुम्ही इथे असाल?"

"नाही. मी नोव्हेंबरात निवृत्त होतो."

"मग तेव्हा मी कोणाला काय दाखवू?"

मी म्हणालो, या नकाशाची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन ठेवा, त्यात तुमचा चौकोन आहे. चार बोटांचा चौकोन, तुटक रेषेचा, नाव नाही. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. नक्कल फी एकशे वीस रुपये. त्यांच्याजवळ त्या वेळी पंचाण्णव निघाले. सोमवार होता, बाकीचे कोऱ्या चाव्यांत गेले होते. पावती पूर्ण रकमेचीच करावी लागते, म्हणून उरलेले मी घातले.

पंचवीस रुपये मावशींकडून येणे आहेत.